डब्याला श्वास फुटला

३ मे, शनिवार

आला! डबा आला. पोस्टातल्या बाईनं टेबलावर ठेवला तेव्हा वाटलं, आत चपला असतील. इतका हलका! आणि ह्यात म्हणे गिटारचा आवाज मोठा करणारे शंभर अ‍ॅम्प कोंबलेत. माझा एक खरा अ‍ॅम्प उचलायला दोन माणसं लागतात, आणि एप्रिलभर मूत्रपिंडापायी इस्पितळात पडून आल्यावर मला साधी पाण्याची बादलीही उचलायची बंदी आहे. म्हणून हा डबा.

गिटारची वायर ह्याच्यात खुपसायची. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले असते तर काय झालं असतं, स्पीकर कसा थरथरला असता, समोर माइक कुठे ठेवला असता — सगळा हिशेब हा मनातल्या मनात करतो आणि तयार आवाज बाहेर काढतो. म्हणजे नक्कल. नकलाकार बरा आहे, पण पकडला जातो! प्रत्येक सुराच्या टोकाला एक बारीक चरचराट आहे, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आणि दुसरं म्हणजे श्वास नाही. खरा अ‍ॅम्प नुसता चालू करून ठेवला तरी सूंऽऽ असा बारीक श्वास घेत असतो. गिटारवाल्याला त्या आवाजावरूनच कळतं की आत जीव आहे. हा मेल्यासारखा गप्प.

खोटं आहे. आणि तरी दुपारपासून वाजवतोय, जेवायचंसुद्धा राहिलं!

मिर्सिनीचा फोन आला होता. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, बंदरावरच्या मंचावर ती पहिल्यांदा स्वतःची गाणी म्हणणार. अथेन्सहून रेकॉर्ड काढणारा माणूस ऐकायला येणार आहे. ‘बाबा, बँड नको. फक्त तू आणि मी,’ म्हणाली. एवढी वर्षं लोकांच्या लग्नांत वाजवलं, पोरीनं पहिल्यांदा मागितलं. तिचा आवाज बारीक, आणि खरा अ‍ॅम्प मोठ्यानं वाजवल्याशिवाय खुलत नाही. तिला झाकून टाकेल. डब्याला ती अट नाही, तो कुजबुजीतही गातो. पोरीपायी तरी मला ह्याच्याशी जमवून घेतलं पाहिजे.

६ मे

थ्रासोस येऊन गेला. आम्ही दोघं एका बँडमध्ये म्हातारे झालो — मी पुढची गिटार, तो मागची. आता तो बंदरावर बार चालवतो. माझा अ‍ॅम्प त्याच्याकडेच ठेवलाय, उचलायला माणसं आहेत त्याच्याकडे.

डब्याकडे बघून म्हणाला, ‘हे काय, जेवणाचा डबा? भाजी कुठली आहे?’

वाजवून दाखवलं. तोंड वाकडं केलं. ‘अर्गीरी, हे प्लास्टिकचं चीज आहे. दिसायला पांढरं, लागायला खारट, पण शेळीची आणि ह्याची कधी गाठ पडलेली नाही!’

मी म्हटलं, ‘आणि तू आत्ता काय पितोयस?’

‘फ्रापे.’

‘पावडर आणि गार पाणी घुसळून केलेला फेस. ती कॉफी आहे?’

‘फ्रापे म्हणजे फ्रापे. तिला कोण मेला कॉफी म्हणतो?’

‘मग झालं! हा माझा फ्रापे.’

उरलेला फ्रापे एका घोटात संपवला. जाताना दारातून मात्र म्हणालाच, ‘वर ते माश्या घोंगावल्यासारखं काय येतंय, त्याचं बघ. पोरीच्या आवाजाला खाईल ते.’

ते मलाही ऐकू येतंच की. सांगायला कशाला हवं?

१२ मे

आज अ‍ॅम्प दगडी जिन्याखाली ठेवला, मग न्हाणीघरात, मग चर्चच्या घुमटाखाली. म्हणजे ठेवला काही नाही, बटणं फिरवली! जिन्याखालचा आवाज तर असला की हसू फुटलं. शेजारी पोलिक्सेनीमावशी भिंतीपलीकडे दुपारची घोरतेय आणि मी हेडफोन लावून इकडे वादळ उठवतोय, तिला पत्ता नाही. एवढं मोठ्यानं मी तरुणपणीही वाजवलं नव्हतं. खरं की खोटं हा प्रश्न बोटांना पडत नाही. तो फक्त थ्रासोसला पडतो.

अंगणात उठताना तोल गेला. लिंबाचं झाड धरलं म्हणून वाचलो. इंजेक्शनांचा अशक्तपणा अजून आहे. इस्पितळात सकाळ-संध्याकाळ टोचत होते. सोडताना डॉक्टरीणबाई ‘असं झालं तर या, तसं झालं तर ताबडतोब या’ असं बरंच काही सांगत होती, आणि मी खिडकीतून माझी बस लागली का ते बघत होतो.

२० मे

नवीन अपडेट आलं, ते डब्यात घातलं. चरचराट कमी वाटतोय. की मलाच सवय झाली?

२९ मे

सवय नाही! गेला! चरचराट खरंच गेला! सगळं तेच ठेवून वाजवून पाहिलं, सुराची टोकं आता गोल येतात, लोण्यासारखी. कुठल्या तरी देशात कुणी तरी चष्मेवाला बसून हे दुरुस्त करतो आणि माझ्या घरात त्याचा गुण येतो. त्याच्या हातांचे मुके घ्यावेत.

थ्रासोसला कळवलं. त्याचं उत्तर — ‘माझ्या प्लास्टिकच्या चीजलाही अपडेट मिळालं. आता ते बें-बें करतं.’

जळतोय. ट्रेबलचं, म्हणजे बारीक तीक्ष्ण सुरांचं, बटण थोडं वर नेलं. आता चरचर नाही तर भ्यायचं कशाला?

७ जून

आज एक गोष्ट झाली. कुणाला सांगितली तर हसतील, म्हणून इथंच लिहितो.

वाजवता वाजवता थांबलो, हात तारांवर ठेवून. आणि ऐकलं — डबा श्वास घेत होता! बारीक, एकसारखा, सूंऽऽ. माझ्या जुन्या अ‍ॅम्पसारखा. अगदी तसाच! एवढंच कमी होतं आणि तेही आलं. मी अपडेटची माहिती पुन्हा वाचली, तिच्यात श्वासाचा उल्लेख नाही. न सांगता घातलं असेल. चांगली माणसं गाजावाजा करत नाहीत.

बराच वेळ नुसता ऐकत बसलो. बरं वाटलं. घरात दुसरं कुणी असल्यासारखं.

८ जून

भरलेल्या मिरच्या-टोमॅटोंचा कोळसा झाला. ओव्हनचा टायमर मेला वाटतं, वाजलाच नाही. नवा आणायचा.

१४ जून, शनिवार

वाजवून झालं, डबा बंद केला. श्वास चालूच.

वाटलं, आत काही तापलेलं निवत असेल. भिंतीतली वायर काढली. चालूच. डबा उचलून अंगणात नेऊन ठेवला, दार लावून आत आलो. चालूच! मग फ्रीज बंद केला. मग घराचं मेन बटण खाली ओढलं. दिवसाउजेडी घरात मधोमध उभा राहिलो — एक दिवा नाही, एक यंत्र चालू नाही — आणि सूंऽऽ चालूच. भिंतीतून येतोय म्हणावं तर भिंतीपाशी वाढत नाही. खिडकीपाशी गेलो तर कमी होत नाही.

टेकडीवर वसंतात तो नवा मोबाइलचा खांब रोवलाय. त्याचाच असणार. दुसरं काय असेल? डब्याचा श्वास वेगळा, खांबाचा वेगळा. डब्याचा जरा उबदार आहे.

मेन बटण वर केलं.

२६ जून

किरकिरे आले नाहीत.

दरवर्षी सेंट जॉनच्या होळ्या विझल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरामागच्या पाइनवर ते किडे किर्र करायला लागतात आणि मग ऑगस्ट संपेपर्यंत दुपारी माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. मिर्सिनी लहान असताना म्हणायची, झाडं तळतायत! यंदा झाडं गप्प आहेत. एवढं ऊन, आणि एक चकार शब्द नाही. खोडाला कान लावून पाहिलं. काही नाही.

पोलिक्सेनीमावशी ओट्यावर शेंगा सोलत होती. तिला म्हटलं, ‘मावशी, यंदा किरकिरे नाहीत, पाहिलंस?’

मान वर न करता म्हणाली, ‘हो, हो. आणि समुद्रात पाणीही नाही. जा बाबा, थट्टा करायला दुसरं कुणी बघ. माझं डोकं उठलंय.’

समुद्रात पाणी नाही! मावशीचं बोलणं असंच कोड्यासारखं असतं, पण म्हातारीनं नव्वदीच्या घरात जगाचं बरंच येणं-जाणं पाहिलंय. तिलाही दिसतंय म्हणायचं. डोकं माझंही उठलंय.

४ जुलै

सोसायटीचे ट्रॅक्टर जैतुनांवर औषध मारत फिरतायत. जैतुनाच्या माशीसाठी, म्हणतात. माशी मरेल, आणि दुसरं काय काय मरेल? आज लिंबाखाली एक चिमुकला पक्षी मरून पडला होता, पाय वर करून. पुरला. मग हात तीन वेळा धुतले.

मी म्हणतो, ह्यांना विचारणारं कुणी आहे की नाही? झाडं मुकी करून टाकली! कुणी काही बोलत नाही. बंदरावर सगळे बर्फाचे खडे चघळत फुटबॉलवर बोलतात.

घरात शिरलो, डबा लावला. तेवढंच एक जिवंत. ट्रेबल आणखी थोडा वर. आता जो आवाज लागलाय तो मी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. गोड, भरलेला, कुठे टोचत नाही. बाहेर जग विझत चाललंय आणि इकडे माझ्या नकली अ‍ॅम्पला दिवसेंदिवस खरेपणा येतोय. ह्यातला आनंद मानायचा की भीती बाळगायची, ते कळत नाही. मी दोन्ही करतो.

१३ जुलै, रविवार

मिर्सिनी दोन दिवसांसाठी आली होती. पहिली तालीम. आणि भांडण.

गाणी सुरेख आहेत. खरंच सुरेख. चाली कुणाकडून उचललेल्या नाहीत. पण शब्द! शब्दांची टोकं खाते. ओठ हलतात, सूर येतो आणि अक्षरं मऊ भातासारखी एकमेकांना चिकटलेली. मी म्हटलं, ‘मिर्सिनी, तोंड उघडून गा. ही अथेन्सची खोड आहे. समोरच्याला शब्द कळले नाहीत तर गाणं लिहिलंसच कशाला?’

‘बाबा, मी नेहमीसारखीच गातेय.’

‘म्हणजे नेहमीच खातेस.’

पुन्हा गायली. ताणून, अक्षर अक्षर चावून. चेहरा लाल. तरी तेच. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं शब्दांचा कागद उलटा करून ठेवला. म्हणाली, ‘आणि तुझा तो डबा टोचतोय. सुईसारखा. जरा कमी कर ना.’

मी म्हटलं, ‘तो नाही टोचत. दिवसभर कानात बोळे घालून गाणी ऐकता तुम्ही, म्हणून टोचतं.’

पोरीला लागलं. दिसलं मला. पण पंधरा ऑगस्टला तो माणूस तिचे शब्द ऐकायलाच येणार आहे. आज मी गोड बोललो तर त्या दिवशी तिचं वाटोळं होईल. बापानं नाही सांगायचं तर कुणी?

बसमध्ये चढताना गालाचा मुका घेतला, पण घाईत.

१९ जुलै

पाकोळ्या आहेत. चर्चच्या घंटेभोवती संध्याकाळी गोल गोल फिरत होत्या, नेहमीसारख्या, झुंडीनं. नेहमी त्या फिरताना कर्कश ओरडतात, कान किटतात. आज ओरडत नव्हत्या. डोक्यावरून एवढ्या जवळून गेल्या की पंखांचा वारा लागला — आणि आवाज काही नाही!

चौकात बाया बसल्या होत्या, पोरं बॉल खेळत होती. एकानंही वर पाहिलं नाही. मी एकटाच मान वर करून उभा. ह्यांना दिसत नाही? की दिसतं आणि बोलायचं नाही असं ठरलंय?

घरी येऊन दार लावून घेतलं.

२० जुलै

ट्रॅक्टरांचं औषध सगळीकडे उतरलं असणार, अंगणातला पाला उकळून प्यायचं बंद. नळाचं पाणीही नको, बाटलीतलं.

३ ऑगस्ट, रविवार

जिंकलो! असा जिंकलो की जिंकल्याचं बरंच वाटेना.

थ्रासोस हट्टाला पेटला होता — ‘मंचावर खरा अ‍ॅम्प लावू. एकदा शेजारी शेजारी ठेवून ऐक, मग बोल.’ बार सकाळी रिकामा असतो. गेलो. माझा जुना अ‍ॅम्प त्यानं पुसून, व्हॉल्व्ह तापवून ठेवला होता. शेजारी माझा डबा.

आधी डबा वाजवला. थ्रासोसनं डोळे मिटले. मी समजलो, रंगलाय. मग अ‍ॅम्प. ज्या अ‍ॅम्पवर मी तरुणपण काढलं, मिर्सिनीच्या आईला ज्यानं भुलवलं, त्या अ‍ॅम्पवर पहिला सूर लावला — आणि कुणी तरी स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं! बोदा, बहिरा, विझलेला आवाज. सगळी बटणं टोकाला नेली. तरी गोधडी!

‘व्हॉल्व्ह गेलेत,’ मी म्हटलं.

‘नवे घातलेत. महिनाही झाला नाही.’

‘मग दमट हवेनं स्पीकर गेला. आता कबूल कर. नकलेनं अस्सलाला मागे टाकलं की नाही?’

मी हसलो. तो हसला नाही. माझ्या डब्यावरचं ट्रेबलचं बटण बघत राहिला, मग माझ्याकडे. ‘अर्गीरी,’ म्हणाला, ‘तू बरा आहेस ना रे?’ हळूच, आजाऱ्याला विचारतात तसं. मला राग आला. हरलेल्या माणसानं निदान काळजीचं नाटक तरी करू नये.

पण येताना वाटेत रडू आलं. हे कशाला ते कळलं नाही. माझा अ‍ॅम्प म्हातारा झाला, एवढंच.

१० ऑगस्ट

मिर्सिनीशी फोनवर. नीटसं ऐकू येत नव्हतं, खराब लाइन. शेवटी म्हणाली ते कळलं — ‘बाबा, तू बाजूला असलास की मला भीती वाटत नाही. एवढंच कर. फक्त बाजूला रहा.’

म्हणजे काय? मी कुठे जातोय?

१६ ऑगस्ट, शनिवार

काल काय झालं ते अजून नीट उमगत नाही. जसं दिसलं तसं लिहितो.

संध्याकाळी मिरवणूक झाली, मारियामातेच्या तसबिरीच्या सगळे पाया पडले, मग लोक मंचासमोर जमले. आवाजाची सगळी यंत्रणा थ्रासोसकडे होती. आवाज तपासताना त्यानं माझा ट्रेबल त्याच्या टेबलावरून पार खाली ओढला. गोधडी! मला गोधडी पांघरून पोरीच्या शेजारी बसवत होता! तो वळला तशी मी डब्यावरून सगळा परत वर घेतला, आणि मिर्सिनीच्या पायाशी जो छोटा स्पीकर होता त्याचाही ट्रेबल वाढवला. तिला स्वतःचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून. तिच्यासाठीच केलं. देवाशपथ तिच्यासाठी.

पहिलं गाणं झालं. टाळ्या बेताच्या. पुढच्या खुर्च्यांतल्या बायका कपाळ चोळत होत्या — उकाडा होता. अथेन्सचा माणूस तिसऱ्या रांगेत, पांढरा सदरा. मिर्सिनीनं माझ्याकडे पाहून खूण केली, हात खाली, खाली. मला वाटलं, लय कमी कर म्हणतेय. लय कमी केली.

दुसरं गाणं तिचं सगळ्यात चांगलं, आजोबांच्या होडीचं. मधल्या तुकड्यात मी एकटा वाजवतो. डोळे मिटले. आणि लिहायला लाज कशाची — एवढं सुंदर मी कधीच वाजवलं नव्हतं! सूर तेलासारखा वाहत होता. वाटलं, हे पोरीला दिलं, आता मेलो तरी चालेल.

डोळे उघडले. सगळ्या लोकांनी कान झाकले होते. सगळ्यांनी! खुर्च्या उलटल्या होत्या. पोलिक्सेनीमावशीनं डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी कानांवर दाबला होता. एक तान्हं मूल तोंड वासून रडत होतं. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस उठून मागे चालला होता. मिर्सिनी माइक सोडून वाकलेली, तळवे कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. आणि मला माझ्या गिटारशिवाय काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. वाटलं, स्फोट झाला. वाटलं, विमान आलं. मग वाटलं, ते जे झाडांना झालं, पाखरांना झालं, ते आता माणसांना झालं! मी वाजवत राहिलो. थांबलो तर तेही जाईल असं वाटलं.

थ्रासोस मंचावर धावत आला आणि माइकची वायर ओढून काढली. लोकांनी हात खाली घेतले. थ्रासोस तोंडाशी तोंड आणून ओरडला, ‘माइक किंचाळतोय रे! बहिरा आहेस का गाढवा?’

शिव्या सगळ्यांसमोर. मिर्सिनी मागच्या पायऱ्यांनी उतरून गेली. मी गिटार गळ्यात अडकवून उभाच.

१७ ऑगस्ट

थ्रासोस दारात आला. आत ये म्हटलं नाही. म्हणाला, ‘माझी जीभ सुटली, माफ कर. पण वोलोसला, शहरात, जाऊन डॉक्टरला दाखव. मी येतो बरोबर.’ म्हणजे मला वेडा ठरवून झालं! दार लावलं.

डब्याला आज हात लावला नाही. बंद आहे. श्वास चालू आहे.

१८ ऑगस्ट

माइक किंचाळत होता म्हणतात. मग मला का नाही? ह्यापुढे विचार करवत नाही. पाइन तसेच उभे आहेत. गप्प.

२१ ऑगस्ट

मिर्सिनी आली. रागावली नव्हती, ते जास्तच लागलं. दुपारी खिडकीपाशी बसलो. तो माणूस सप्टेंबरात तिला पुन्हा ऐकणार आहे, बंद खोलीत. ‘ह्या वेळीही तूच, बाबा,’ म्हणाली, ‘फक्त तो डबा नको.’ मी बोलायला लागलो. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पुढे झुकली, मग मोठ्यानं म्हणाली, ‘ती खिडकी लाव ना! ह्या मेल्या किरकिऱ्यांपुढे तुझं एक अक्षर ऐकू येत नाहीये.’

उठलो. खिडकी लावली. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

मला काहीच फरक कळला नाही.

काचेवर हात ठेवला तेव्हा आठवलं, इंजेक्शनांनंतर डॉक्टरीणबाई ‘तसं झालं तर ताबडतोब या’ म्हणाली होती, त्यात कानांचंही काही होतं. मग मिर्सिनीला म्हटलं, माझ्याऐवजी थ्रासोसला घे. माझा अ‍ॅम्पही त्याच्याकडेच आहे. चांगला आहे तो.